गाळावर उभं राहिलेलं अभयारण्य

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला येणाऱ्या बऱ्याच जणांची समजूत असते की हे तळं पूर्वापार इथलंच. तसं नाही. निफाड तालुक्यात कादवा गोदावरीला मिळते, त्या संगमाला लागून इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा घातला गेला. त्याआधी इथे नदीची वाहती धार होती आणि काठाला काळी जमीन. पक्षी आले ते बंधाऱ्यामुळे, आणि माझं तर ठाम मत आहे की त्यापेक्षाही बंधाऱ्यात साचलेल्या गाळामुळे.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कॅमेरा हातात आला तो निवृत्तीनंतर. त्यामुळे इथल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर उभा राहिलो की पक्ष्यांच्या आधी माझी नजर पाण्याच्या पातळीकडे जाते.

हा बंधारा दुष्काळाचं अपत्य. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनचा पर्जन्यछायेचा पट्टा होरपळला. मग १९०१ साली सिंचन आयोग नेमला गेला आणि दुष्काळी मुलखाला कालव्याचं पाणी देण्याच्या कामांना जोर आला. गोदावरी कालव्यांची आखणी अशी, की पाणी साठवायचं वर घाटमाथ्याजवळ, १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणात. तिथून ते नदीच्या पात्रातूनच खाली सोडायचं, नांदूर मध्यमेश्वरला अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं. कोपरगावकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरणाचं पाणीही याच वाटेने येऊ लागलं.

आता यातली मेख बघा. असा बंधारा पाणी साठवायला नसतो, फक्त पातळी उचलायला असतो. म्हणून मागे पसरतं ते उथळ पाणी. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ होऊन येतात, इथे त्यांचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. शंभर-सव्वाशे वर्षांत ती बसत बसत बेटं झाली, बेटांवर गवत आलं, कडेने पाणकणीस माजलं. होती ती थोडीफार साठवणही घटली म्हणून आमच्या खात्याच्या लेखी हा तोटाच. पण तलवार बदकाला, थापट्याला, शेकाट्याला नेमकं हेच लागतं. तलवार बदक शेपूट वर करून पाण्यात उलटं होतं, तेव्हा त्याची मान तळाला पोहोचली पाहिजे. खोल धरणात ते उपाशी राहील.

जांभळी पाणकोंबडी तर या गाळाचीच लेक. सकाळी ऊन वर यायच्या आत पाणकणसाच्या कडेला थांबा. ती चोचीने कोवळा कोंब उपटते, मग लांबसडक बोटांच्या पंजात धरून तोंडाशी नेते आणि बुडखा सोलून तेवढाच पांढरा, मऊ भाग खाते. उरलेली पात टाकून पुढचा कोंब. लेन्समधून बोटांची पेरंसुद्धा मोजता येतात. शेजारीच कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी थव्याने तरंगत असतात.

१९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं. साधारण शंभर चौरस किलोमीटरच्या या हद्दीत गावं आणि शेतंही येतात. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे नाव सलीम अलींनी दिलं असं सांगतात. ही तुलना मला आणखी एका कारणाने पटते. भरतपूरचं पाणथळही माणसानेच बांध घालून घडवलेलं आहे. फक्त तिथे संस्थानिकांच्या शिकारी चालत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले, आणि तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. नांदूरच्या वाट्याला असा दगड आला नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत नांदूरचं नाव गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. यादीतलं क्षेत्र १,४३७ हेक्टर, आणि नोंदवलेल्या जाती ५३६, त्यात मासे, वनस्पती असं सगळंच आलं. मात्र पाण्याचा कारभार आजही आवर्तनांवरच, म्हणजे वरच्या धरणांतून कालव्यांसाठी पाळीपाळीने सुटणाऱ्या पाण्यावरच चालतो. आवर्तन सुटलं की पाणी चढतं, चिखलाचे काठ बुडतात आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी पांगतात. पाणी उतरलं की परत येतात. तेव्हा हिवाळ्यात निघण्याआधी आवर्तनाची चौकशी जरूर करा.

बंधाऱ्यातला गाळ काढा, ही शेतकऱ्याची मागणी रास्त आहे. पाण्याची किंमत मी आयुष्यभर पाहिली आहे. पण इथे गाळाला हात लावायचा तर कालव्यांच्या तोंडाशी लावावा. चापडगावच्या बाजूची बेटं आणि उथळ काठ आहेत तसेच राहू द्यावेत. पाण्याची गरज दुसरीकडे साठवण वाढवून भागवता येईल. एवढा गाळ पुन्हा बसायला आणखी शंभर वर्षं लागतील.