आडव्या पट्ट्यांची कुळकथा

१८६१ च्या पहिल्या दिवशी रेल्वे कसाऱ्याला पोचली. पुढचा घाट चढून इगतपुरी गाठायला तिला १८६५ उजाडलं. कसारा ज्या शहापूर तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात मुंबईसाठी बांधलेलं तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. एवढी अवाढव्य कामं उभी राहिली, तरी आज प्रत्येक साइट ऑफिसच्या भिंतीवर दिसणारा, कामाचं वेळापत्रक दाखवणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता तेव्हा कुणी काढलेला नव्हता.

तशा धाटणीचा तक्ता १८९६ मध्ये पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की या इंजिनिअरने पोलादाच्या कारखान्यासाठी तयार केला. त्याचं लेखन पोलिश आणि रशियन भाषांतच राहिलं. मग १९१० च्या दशकात अमेरिकेच्या हेन्री गँटने असेच तक्ते वापरात आणले आणि ‘गँट चार्ट’ असं नाव त्याचंच लागलं. अदामिएत्स्कीवर हा अन्यायच झाला.

पट्टीवरून काम कधी सुरू होणार, कधी संपणार ते कळतं. ते कुणासाठी अडून बसलंय, ते कळत नाही. ही उणीव १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी भरून काढली. कारखान्याची कामं एकमेकांना जोडून त्यांनी युनिव्हॅक संगणकावर हिशेब मांडला आणि क्रिटिकल पाथ सापडला: कामांची अशी साखळी, की तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. पुढे हा हिशेब करणारी सॉफ्टवेअर आली: १९८३ साली प्रायमाव्हेरा, १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट.

हा हिशेब शहापूरला लागून असलेल्या मुरबाडच्या भातशेतीत स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात पालापाचोळा नि शेण पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्यावर पेरायचं, तीनेक आठवड्यांत रोप लावणीला येतं. तोवर बांधबंदिस्ती उरकायची, खाचरात पाणी साठलं की चिखलणी. लावणीला रोपही हवं आणि चिखलही. बांधाचं काम चार दिवस मागे पडलं तरी निभतं. पेरणी चार दिवस लांबली की लावणी तेवढीच लांबते. म्हणजे पेरणी क्रिटिकल पाथवर, बांध नाही. आणि लावणी सगळ्या गावाची एकदमच येते, माणसं तेवढीच. त्यावर सावड हा उपाय: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. सॉफ्टवेअरमध्ये माणसांची अशी वाटणी करायला रिसोर्स लेव्हलिंग नावाची सोय असते.

सॉफ्टवेअर शिकणारी पोरं पहिल्यांदा चुकतात ती कामं जोडण्यातच. माउसने पट्ट्या ओढून तारखा जुळवतात, काम कामाला जोडतच नाहीत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून नवं काम आपोआप मॅन्युअल म्हणून नोंदलं जातं. ते ऑटोवर नेल्याशिवाय एका तारखेचा धक्का पुढच्या तारखांना लागत नाही. तोवर तो तक्ता म्हणजे नुसतं चित्र.

दुसरी गफलत कॅलेंडरची. तयार मिळणारं स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. त्याला पाऊस ठाऊक नाही. घाटाखालच्या या तालुक्यांत भर पावसाळ्यात मातीकाम चालत नाही, आणि लावणीच्या दिवसांत गावचा मजूर साइटवर येत नाही. पावसासारखाच घाटही आडवा येतो: मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. इगतपुरीहून घाट उतरून शहापूर तालुक्यातून आमण्याला जाणारा ७६ किलोमीटरचा टप्पा सगळ्यात शेवटी, ५ जून २०२५ ला. रेल्वेच्या वेळी जड गेलेला घाट बोगदे नि उंच पूल बांधणाऱ्यांनाही सोपा गेला नाही.

शहापूर-मुरबाडच्या ज्या मुलामुलींना हे शिकायचंय, त्यांनी महागड्या क्लासची वाट पाहू नये. गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिला प्रकल्प घरच्या भाताचा घ्या, आजीला विचारून कामांचा क्रम लावा, आणि कुठलीही पट्टी काढण्याआधी कॅलेंडरात पावसाळा भरा.