थिबा राजवाडा : राजासाठी बांधलेला, पण कैदखानाच

रत्नागिरी शहरात भाट्ये खाडीच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडात बांधलेली इमारत म्हणजे थिबा राजवाडा. बाहेरगावचे लोक याला एखाद्या संस्थानिकाचा वाडा समजतात. तसं नाही. हा वाडा इंग्रजांनी आपल्या कैद्यासाठी बांधला.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला बोटीत बसवून आधी मद्रासला व 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, घाटरस्त्याने येणंही सोपं नव्हतं. कैदी ठेवायला सोयीची जागा. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतंच. इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे!

राजवाडा मात्र 1910 मध्ये तयार झाला. म्हणजे तोवर जवळपास 24 वर्षं राजा, राण्या आणि चार मुली बंगल्यांत राहत होत्या. पेन्शन पुरायची नाही, म्हणून सोबत आणलेले माणिक आणि दागिने एकेक करून विकले गेले. नव्या वाड्याचं सुख राजाला जेमतेम सहा वर्षं मिळालं. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. मृतदेह मायदेशी नेऊ द्या, ही घरच्यांची मागणी सरकारने मानली नाही. राजाची समाधी शहरातच आहे. राणी सुपयालत आणि कुटुंब 1919 मध्ये ब्रह्मदेशी परतलं.

थोरली राजकन्या मात्र परत रत्नागिरीत आली. राजवाड्यावरच्या दरवानापासून तिला मुलगी झाली होती, टूटू. राजाची ही नात इथेच वाढली, अस्सल रत्नागिरीची मराठी बोलायची, शेणी थापून विकायची. तिचा वंश आजही इथला आहे.

पुढे वाडा सरकारी कामांसाठी वापरला गेला, काही काळ तंत्रनिकेतनही इथे भरायचं. आता ते राज्य संरक्षित स्मारक असून आत पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. उतरतं छप्पर, कोरीव लाकूडकाम आणि अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचा निवांत बघाव्यात. बहुतेक लोक थिबा पॉइंटवर सूर्यास्त बघून निघून जातात, समाधीकडे फार कमी जण वळतात. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन तिथे नमस्कार करून गेले.