बाजारांतला माणूस आणि बॉम्ब



पुण्याच्या मार्केट यार्डांत पहाटे एकदां तरी उभें राहून पाहावें. भाजीच्या गाड्या येऊन लागलेल्या असतात, हमाल पाठीवर पोतीं घेऊन गर्दीतून वाट काढीत असतात, आडते भाव पुकारीत असतात, आणि एखादी म्हातारी मिरचीच्या दोन पाट्या विकून लवकर घरीं परतण्याच्या घाईंत असते. या गर्दीत कोण कोणत्या पक्षाचा, हें कोणी विचारीत नाहीं. आजचा आपला विषय याच गर्दीशीं निगडित आहे. स्वातंत्र्यासाठीं शस्त्र धरणाऱ्यानें, ज्याच्या हातीं शस्त्र नाहीं अशा माणसाचा बळी घ्यावा काय? आणि तो गेलाच, तर त्याचा हिशेब कोणाच्या नांवावर मांडावयाचा?

असाच एक भाजीबाजार पॅलेस्टाइनमधील हैफा बंदरांत होता. २५ जुलै १९३८ रोजीं तेथें बॉम्ब फुटला आणि चाळिसाच्या आसपास अरब माणसें मेलीं. हें कृत्य इर्गुन या ज्यू भूमिगत संघटनेचें. त्या काळीं अरबांचें बंड चालू होतें व त्यांत ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊन निरपराध ज्यूही मरत होते. महिन्यापूर्वींच, २९ जून रोजीं, श्लोमो बेन-योसेफ या ज्यू तरुणाला इंग्रजांनीं फांशी दिलें होतें. इर्गुनचें म्हणणें असें, कीं प्रतिटोल्यावांचून शत्रूला धाक बसत नाहीं. परंतु ज्यू समाजांतच या मताला विरोध होता. ज्यू एजन्सी व तिचें रक्षकदल हगाना यांचें अधिकृत धोरण संयमाचें होतें. बाजारांतला भाजीवाला हा हल्लेखोराचा जामीन नव्हे, हा या विरोधाचा गाभा होय.

हा वाद आपणांस परका वाटावयास नको. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपूर येथें खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनीं किंग्जफर्ड या न्यायाधीशाची गाडी समजून एका गाडीवर बॉम्ब टाकला. गाडींत किंग्जफर्ड नव्हता. मेल्या त्या केनेडी कुटुंबांतील आई व मुलगी. पुण्यास 'केसरी'नें १२ मे रोजीं 'देशाचें दुर्दैव' हा अग्रलेख लिहिला. टिळकांनीं घडलेल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. तथापि तरुण या थरास कां जातात, याचें कारण सरकारच्या दडपशाहींत शोधावें, असेंही बजावलें. ९ जूनच्या 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या लेखांत त्यांनीं दडपशाहीच्या कायद्यांनीं बॉम्ब थांबणार नाहींत असें प्रतिपादन केलें. सरकारनें कारण सांगणें म्हणजे समर्थन करणें असें ठरविलें. नऊ पंचांपैकीं सातांनीं टिळकांना दोषी ठरविलें, आणि २२ जुलै १९०८ रोजीं त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढें ती मंडालेस भोगावी लागली. कारणमीमांसा हा गुन्हा नव्हे, हें आज आपण निःशंकपणें म्हणूं. पण कारण कळलें म्हणून त्या दोन स्त्रियांचें मरण आपल्या खात्यावरून पुसलें जात नाहीं, हेंही तितक्याच निःशंकपणें म्हणावयास हवें.

मार्केट यार्डापासून कॅम्प कांहीं फार दूर नाहीं. तेथील कॅपिटॉल चित्रपटगृहांत २४ जानेवारी १९४३ रोजीं बॉम्ब फुटून गोरे सैनिक ठार झाले. भास्कर कर्णिक हे या कटांतील एक तरुण. अटकेनंतर साथीदारांचीं नांवें तोंडून निघूं नयेत म्हणून त्यांनीं फरासखान्यांत विष घेऊन प्राण सोडला. त्यांच्या धैर्यापुढें मस्तक नम्र होतें. काळही विसरतां येत नाहीं: चारच महिन्यांपूर्वीं, ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, नंदुरबारास शिरीषकुमार व त्याचे शाळकरी सोबती पोलिसांच्या गोळीबारांत पडले होते. शिवाय येथें नेम बाजारावर नव्हता, सैनिकांवर होता. परंतु चित्रपटगृह म्हणजे छावणी नव्हे. तेथें दारावर तिकीट घेणारा असतो, यंत्र चालविणारा असतो, आणि बॉम्ब कोणाचा गणवेष पाहून फुटत नाहीं. त्याच वेळीं गांधीजी याच पुण्यांत आगाखान वाड्यांत बंदिवान होते. देशांतील घातपाताचा ठपका सरकार काँग्रेसवर ठेवीत होतें, आणि १० फेब्रुवारीस त्यांनीं एकवीस दिवसांचें उपोषण आरंभिलें. सुटकेनंतर १९४४ सालीं त्यांनीं भूमिगतांच्या गुप्तपणास व घातपातास आपली संमति नाहीं असें स्पष्ट सांगितलें. त्यांच्या शौर्याची कदर मात्र नाकारली नाहीं.

१९४६ च्या जुलैंत पांचगणीहून गांधीजींनीं ज्यूंविषयीं लेख लिहिला. शतकानुशतकें छळ सोसलेल्या समाजाबद्दल त्यांत सहानुभूति होती, पण पॅलेस्टाइनमधील दहशतवादाचा निषेधही होता. तो २१ जुलैच्या 'हरिजन'मध्यें छापला गेला. दुसऱ्याच दिवशीं जेरुसलेमचें किंग डेव्हिड हॉटेल इर्गुननें दुधाच्या बुधल्यांत दारू भरून उडविलें. तेथें इंग्रज सरकारचें सचिवालय होतें. मेलीं एक्याण्णव माणसें: अरब ४१, इंग्रज २८, ज्यू १७ व इतर ५. आम्हीं दूरध्वनीनें आगाऊ सूचना दिली होती, असें इर्गुननें सांगितलें. ज्यू एजन्सीनें निषेध केला. परंतु इर्गुनशीं त्या वेळीं हातमिळवणी केलेल्या हगानानें या बेतास पूर्वीं मान्यता दिलेली होती. निषेधांत हा अवघडपणा राहूनच गेला.

आतां या चार घटना शेजारीं ठेवून पाहा. मुझफ्फरपुरांत नेम चुकला. कॅपिटॉलमध्यें नेम सैनिकावर होता, जागा मात्र करमणुकीची. किंग डेव्हिडमध्यें सूचना दिल्याचा आधार सांगितला गेला. हैफ्यांत गर्दी हाच नेम होता. या चारींना एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. हेतूचा भेद हा खरा भेद आहे. तथापि जो जागा व वेळ निवडतो, त्यानें तेथें कोण असूं शकेल हेंही निवडलेलें असतें. चुकीची सबब, सूचनेची सबब, शत्रूच्या क्रौर्याची सबब, या साऱ्या सांगणाऱ्याच्या असतात. मेलेल्याला त्यांतली एकही ऐकूं येत नाहीं.

राज्य मिळालें म्हणजे इतिहास उदार होतो. इर्गुनचे प्रमुख मेनाहेम बेगिन १९७७ सालीं इस्रायलचे पंतप्रधान झाले. आपणही आपल्या हुतात्म्यांस मान देतों, आणि तो दिलाच पाहिजे. पण ज्या चळवळींत आपल्याच माणसाला "हें चुकलें" असें सांगणारा कोणी उभा राहतो, ती चळवळ राज्य हातीं आल्यावरही बंदूक खालीं ठेवण्यास शिकलेली असते. म्हणून हुतात्म्याच्या नांवाबरोबर त्या बाजारांतल्या माणसाचीही आठवण ठेवूं या. त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. तो त्या दिवशीं केवळ भाजी विकावयास आला होता.