पीएचडीच्या संदर्भांसाठी मोफत सॉफ्टवेअर: झोटेरो, मेंडेली की जॅबरेफ?

सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवर प्रबंध लिहायचा, तर मराठी पुस्तके, इंग्रजी सरकारी कागदपत्रे आणि जुनी वर्तमानपत्रे चाळावी लागतात. हे शहर बहुभाषिक, त्यामुळे कन्नड, तेलुगू, उर्दू साहित्यही आलेच. अशा शेकडो नोंदी जपणे, मजकुरात योग्य जागी संदर्भ टाकणे आणि शेवटी संदर्भसूची तयार करणे, हे काम संदर्भ व्यवस्थापन सॉफ्टवेअर करते.

हे का महत्त्वाचे?
यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले, तर नोंदणी रद्द होऊ शकते. सॉफ्टवेअर वाङ्मयचौर्य पकडत नाही. पण कोणता उतारा कुठून घेतला, याची नोंद पहिल्या दिवसापासून राहते.

तीन मोफत पर्याय
• झोटेरो: २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्स तिन्हींत चालते. फायलींसाठी ऑनलाइन जागा ३०० एमबीच मोफत मिळते. मात्र पीडीएफ स्वतःच्या संगणकावर हव्या तितक्या ठेवता येतात.
• मेंडेली: २०१३ पासून एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीकडे. २ जीबी जागा मोफत, पण मुक्तस्रोत नाही. कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये जुन्या डेस्कटॉप आवृत्तीचे डाउनलोड बंद केले.
• जॅबरेफ: मुक्तस्रोत. नोंदी साध्या मजकूर फाइलमध्ये राहतात. गणित, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीचा प्रबंध लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना सोयीचे.

मराठीत अडते कुठे?
जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे माहिती हातानेच भरावी लागते. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांच्यासारखे टोपणनाव असेल, तर नाव-आडनाव असे दोन रकाने कामाचे नाहीत. झोटेरोत एकच रकाना निवडता येतो. मराठी संदर्भसूचीत ‘पृ.’ किंवा ‘आणि इतर’च्या जागी इंग्रजी लघुरूपे येतात का, तेही पाहा.

निवडण्याआधी ही चाचणी करा
१. एक मराठी पुस्तक, एक इंग्रजी लेख, एक जुने वर्तमानपत्र, एक प्रबंध आणि एक संकेतस्थळ अशा पाच नोंदी भरा.
२. मार्गदर्शकांनी सांगितलेल्या शैलीत सूची काढून अक्षरे आणि क्रम तपासा.
३. सगळ्या नोंदी आरआयएस किंवा बिबटेक फाइलमध्ये बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. पीएचडीला चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळात कंपनीचे धोरण बदलू शकते. नोंदी बाहेर काढता आल्या, तरच त्या खऱ्या अर्थाने तुमच्या.

थोडक्यात: मराठीत आणि वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहीत असाल, तर झोटेरोपासून सुरुवात करा. लाटेक वापरत असाल, तर जॅबरेफ. काहीही निवडा, पण दर महिन्याला नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.