बॅट कोणाची, डाव कोणाचा? समाजवाद आणि त्याचे प्रकार

शालेय पाठ्यपुस्तक उघडले की आरंभीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली आढळते. तीत भारताचे वर्णन करताना 'सार्वभौम' या शब्दानंतर लगेच 'समाजवादी' हा शब्द येतो. अनेक शाळांच्या परिपाठात मुले तो मोठ्याने म्हणतात. मात्र त्याचा अर्थ एखाद्या मुलाने घरी विचारला, तर मोठी माणसेही अडखळतात. गरिबांना मदत करणे म्हणजे समाजवाद, असे कोणी सांगते. सगळे काही सरकारी असणे म्हणजे समाजवाद, असे दुसरा म्हणतो. तिसरा रशियाकडे बोट दाखवतो. या प्रत्येक उत्तरात सत्याचा अंश आहे, पण पूर्ण सत्य एकातही नाही.

मूळ प्रश्न

गल्लीतील क्रिकेटपासून सुरुवात केली, तर हा विषय समजण्यास सोपा जातो. दहा मुले खेळतात, पण बॅट एकाचीच असते. साहजिकच पहिली फलंदाजी त्याची. तो बाद झाला तरी 'ट्राय बॉल होता' असे म्हणतो आणि वाद वाढला की बॅट उचलून घरी निघून जातो. खेळ तेथेच मोडतो. बॅट त्याची आहे, हे खरे. पण गोलंदाजी करणारी आणि चेंडू शोधायला गटारात उतरणारी इतर मुले नसतील, तर त्या बॅटचा उपयोग काय, हेही तितकेच खरे.

समाजात बॅटची जागा जमीन, खाणी, कारखाने आणि यंत्रे यांनी घेतलेली असते. त्यांना उत्पादनाची साधने म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांती सुरू झाली आणि स्वतःच्या हातमागावर कापड विणणारा विणकर दुसऱ्याच्या गिरणीत मजूर झाला. लहान मुलेही दिवसाचे बारा-बारा तास राबू लागली. ज्यांच्या श्रमातून संपत्ती निर्माण होते, त्यांचा त्या संपत्तीत वाटा असावा की नसावा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. तो असावा आणि त्यासाठी उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची किंवा निदान समाजाच्या नियंत्रणाखाली असावीत, या विचाराला समाजवाद म्हणतात. मुलांच्या मनातील एक शंका येथेच दूर करायला हवी. आपली सायकल किंवा कंपासपेटी सर्वांची करावी, असे समाजवाद म्हणत नाही. त्याचा रोख व्यक्तिगत वापराच्या वस्तूंवर नसून, ज्यांच्यावर अनेकांची रोजीरोटी अवलंबून असते त्या साधनांवर आहे.

सज्जन मालक

बॅटवाल्याचे मन वळवावे, हा पहिला मार्ग. रॉबर्ट ओवेन हे स्वतःच गिरणीमालक होते. १८०० साली त्यांनी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीची सूत्रे हाती घेतली. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्यांनी बंद केले आणि १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. पुढे अमेरिकेत न्यू हार्मनी येथे त्यांनी समतेवर आधारलेली वसाहत स्थापन केली. पण ती दोन-तीन वर्षांतच मोडली. फ्रान्समध्ये सां-सिमाँ आणि फुरिए यांनीही आदर्श समाजाची चित्रे रेखाटली. मालकांच्या चांगुलपणावर आणि आदर्शाच्या आकर्षणावर विसंबणाऱ्या या विचाराला पुढे 'स्वप्नाळू समाजवाद' असे नाव पडले.

वर्गणीची बॅट

सर्वांनी वर्गणी काढून स्वतःची बॅट घ्यावी, हा दुसरा मार्ग म्हणजे सहकार. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी पैसे जमवून एक दुकान थाटले. पीठ, लोणी, साखर अशा जिनसा तेथे रास्त दराने मिळत. भांडवल कमी असो वा जास्त, प्रत्येक सभासदाला एकच मत, हा त्यांचा नियम जगभर सहकाराचा पाया ठरला. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला, तो याच तत्त्वावर. सहकार हा समाजवादाचाच प्रकार मानावा की स्वतंत्र मार्ग, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

क्रांतीचा मार्ग

बॅटवाला आपण होऊन बॅट देणार नाही, ती एकजुटीने घ्यावी लागेल, असे कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांचे मत होते. १८४८ साली त्यांचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' प्रसिद्ध झाला. इतिहास हा मालक आणि श्रमिक यांसारख्या वर्गांच्या संघर्षातून घडतो आणि अखेरीस वर्गच नसलेला समाज निर्माण होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचारधारेस साम्यवाद म्हणतात.

रशियात १९१७ साली लेनिन यांच्या नेतृत्वाखाली क्रांती झाली. जमीन आणि कारखाने सरकारच्या ताब्यात गेले. साक्षरता वाढली, अवजड उद्योग उभे राहिले. पण सत्ता एकाच पक्षाच्या हाती एकवटली. स्टालिन यांच्या काळात शेतीचे सक्तीने सामूहिकीकरण झाले. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली आणि विरोधाचा सूर काढणाऱ्यांची रवानगी तुरुंगात व श्रमछावण्यांत झाली. बॅट एकाच्या घरातून निघाली खरी, पण ती कप्तानाच्या घरी जाऊन बसली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

मतपेटीचा मार्ग

बदल हवा, पण तो निवडणुकीतून आणि टप्प्याटप्प्याने, असे मानणारा प्रवाह म्हणजे लोकशाही समाजवाद. १८८४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीने तो रुजवला. ब्रिटनमध्ये १९४५ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने कोळसा खाणी आणि रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचारांचा खर्च करांतून भागवायचा आणि आजारी माणसाकडे डॉक्टरांच्या दारात पैसे मागायचे नाहीत, हे तिचे सूत्र होते.

स्वीडनसारख्या देशांनी आणखी निराळी वाट धरली. कारखाने बहुतांशी खासगी राहिले. मात्र भरपूर कर आकारून शिक्षण, आरोग्य आणि वृद्धापकाळाची हमी सर्वांना देण्यात आली. बॅट ज्याची त्याच्याकडेच, पण प्रत्येकाला फलंदाजी मिळालीच पाहिजे, असा हा नियम. यास सामाजिक लोकशाही म्हणतात.

भारतातील प्रवास

भारतीय समाजवादाच्या एका महत्त्वाच्या प्रवाहाचा उगम नाशिकच्या तुरुंगात झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तेथे बंदिवान असलेले जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींच्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष आकारास आला. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, राममनोहर लोहिया हे याच प्रवाहातले. 'श्यामची आई'मुळे मुलांना परिचित असलेल्या साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिकही याच विचारांचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी योजना मांडली होती. तरीही नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत के. टी. शहा यांनी 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी, हे त्या त्या काळातील लोकांनी ठरवावे. संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. उद्देशिकेत हा शब्द आला तो आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने.

तत्पूर्वी १९५६ साली आयुर्विमा आणि १९६९ साली १४ बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या होत्या. सगळ्यांची बॅट झाली की तिला तेल कोण लावणार, हा समाजवादाच्या टीकाकारांचा जुना आक्षेप आहे. सरकारी उद्योगांतील तोटा आणि परवान्यांसाठी कराव्या लागणाऱ्या खेपा यांमुळे तो भारतातही जोरात मांडला गेला. १९९१ साली देशाने खासगी उद्योगांना दारे खुली केली. 'समाजवादी' या शब्दाला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. भारतात या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा असून, खासगी उद्योगांना त्याने मज्जाव होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन प्रश्न

इतके प्रकार लक्षात ठेवणे मुलांना अवघड वाटेल. त्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत : साधने कोणाच्या मालकीची आहेत आणि निर्णय कोण घेतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'सर्वांच्या' असे देऊन दुसरा प्रश्न विसरला, तर काय होते, हे सोव्हिएत संघाने दाखवले. आणि मालकी मोजक्यांची, निर्णयही त्यांचाच असेल, तर काय होते, हे इंग्लंडच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांनी सोसले. गावातील दूध डेअरी, एसटी, बँक, साखर कारखाना यांच्याविषयी हे दोन प्रश्न मुलांनी जरूर विचारावेत. परिपाठात म्हटल्या जाणाऱ्या त्या एका शब्दाचा अर्थ त्यांना तेथे नेमका सापडेल.