व्यावसायिक वाहनचालकांची मानसिक पात्रता

ट्रक, टँकर, डंपर, बस अशी परिवहन वाहने पोटासाठी चालवणाऱ्या माणसाचे मन ते वाहन सुरक्षितपणे हाकण्याजोगे आहे की नाही, याविषयीचा वैद्यकीय आणि कायदेशीर निर्णय. या निर्णयात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात : निदान झालेला मनोविकार (छिन्नमनस्कता, द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य), व्यसन किंवा औषधांचा परिणाम, आणि जागरण व ताण यांमुळे आलेली तात्पुरती अकार्यक्षमता. तिसरी गोष्ट काटेकोर अर्थाने मनोविकार नव्हे. पण रस्त्यावर सर्वांत जास्त वेळा गाठ पडते ती तिच्याशीच. मनोविकार असला म्हणजे माणूस वाहन चालवण्यास अपात्र ठरला, असे समीकरण मानसोपचारशास्त्र मान्य करत नाही. नियमित उपचार घेणारा, स्थिर झालेला रुग्ण आपली गाडी व्यवस्थित चालवू शकतो. ज्याचे निदानच झालेले नाही किंवा ज्याने नोकरी जाण्याच्या भीतीने गोळ्या मध्येच सोडल्या आहेत, तो चालक अधिक काळजीचा.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८ नुसार परिवहन वाहनाचा परवाना मागणाऱ्याला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. डॉक्टरने त्यात भरायच्या गोष्टी अशा : दृष्टिदोष आहे का व तो चष्म्याने सुधारला आहे का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, नेहमीचे आवाजी इशारे ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत व्यंग आहे का. रक्तगट ऐच्छिक. मनाविषयी स्वतंत्र रकाना नाही. अर्जदाराने स्वतःच भरायच्या नमुना १ मध्ये फेफरे, अचानक शुद्ध हरपणे आणि चक्कर यांविषयी प्रश्न आहे; शेवटी ‘लोकांना धोका होईल असा अन्य कोणता आजार आहे का’ असा एक मोघम प्रश्न येतो. त्याला ‘हो’ असे उत्तर देऊन परवान्याच्या रांगेत उभा राहणारा माणूस विरळाच.

कलम १६ प्रमाणे चालक आजारामुळे अपात्र झाला आहे असे मानण्यास सबळ कारण असल्यास परवाना प्राधिकारी परवाना रद्द करू शकतो किंवा नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. मात्र ते प्रमाणपत्रही कलम ८ मध्ये सांगितलेल्या नमुन्यातलेच. म्हणजे मनाची शंका आली तरी तपासायचे पुन्हा डोळे, कान आणि हातपाय. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने परिवहन परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, धोकादायक मालाच्या वाहनांसाठी एक वर्षावरून तीन वर्षे. दोन तपासण्यांमधले अंतर त्यामुळे वाढले.

कलम १८६ मध्ये मानसिक वा शारीरिकदृष्ट्या अपात्र असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १,००० रुपये आणि पुढे २,००० रुपये दंड (२०१९ पूर्वी २०० आणि ५००). या कलमात आजार चालकाला ‘स्वतःला माहीत असून’ अशी अट आहे. भ्रम आणि संशय यांनी ग्रासलेल्या रुग्णाला आपण आजारी आहोत हेच बहुधा पटत नसते. आजाराची जाणीव नसणे हे त्या आजाराचे एक लक्षणच. त्यामुळे ज्या प्रकारच्या चालकासाठी हे कलम सर्वांत उपयोगी पडायचे, त्यालाच ते लावणे अवघड होते.

स्वारगेट प्रकरण (२०१२) : मराठी वाचकाला हा विषय आठवतो तो संतोष माने या नावाने. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी राज्य परिवहन महामंडळाचा हा चालक पुण्याच्या स्वारगेट स्थानकातील एक रिकामी एसटी बस घेऊन बाहेर पडला. शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यांवर, काही ठिकाणी उलट दिशेने, समोर येईल त्याला उडवत तो निघाला. नऊ जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले, कित्येक गाड्यांचा चुराडा झाला. पोलिसांनी गोळीबार करूनही बस थांबली नाही. शेवटी पाठलाग करणाऱ्या नागरिकांपैकी एका तरुणाने बसमध्ये शिरून तिला थांबवले. रात्रपाळी बदलून द्यावी ही त्याची विनंती त्याआधी नाकारली गेली होती, हे खटल्यात पुढे आले.

बचावाचा मुख्य मुद्दा वेडसरपणाचा होता. आरोपीवर सोलापुरात मनोविकाराचे उपचार झाले होते, असे बचावपक्षाने मांडले. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२) कृत्याच्या वेळी आपण काय करतो आहोत किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे मनाच्या विकृतीमुळे समजण्यास जो असमर्थ असतो, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. ही कसोटी इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांतून आली असून ती आपल्याला लागू होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. न्यायालयांनी बचाव मान्य केला नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फाशी सुनावली. शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही म्हणून उच्च न्यायालयाने तेवढा भाग परत पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्र न्यायालयाने पुन्हा फाशीच दिली आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

या निकालांचा अर्थ लावताना एक गल्लत नेहमी होते. न्यायालयापुढचा प्रश्न ‘हा माणूस कायद्याच्या अर्थाने वेडा होता का’ असा होता. ‘हा माणूस त्या दिवशी बस चालवण्यास योग्य होता का’ असा नव्हता. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ ठरत नाही. तीव्र नैराश्य, सततचे जागरण किंवा बेभान राग असलेला चालक कलम ८४ मध्ये सहसा बसणार नाही, पण त्याच्या हाती ५० माणसांची गाडी द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पात्रतेचा प्रश्न सकाळी आगारात, हजेरी लावताना विचारायचा असतो. स्वारगेटच्या बाबतीत तो खटल्याच्या ओघात, तोही वेगळ्या रूपात विचारला गेला. माने याच्या मनःस्थितीविषयी तज्ज्ञांची मते एकसारखी नाहीत, त्यामुळे येथे निदान दिलेले नाही.

कुर्ला अपघात (२०२४) : ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर कुर्ला–अंधेरी मार्गावरच्या (क्र. ३३२) बेस्टच्या विजेवरील बसने पादचारी आणि वाहने चिरडली. मृतांचा आकडा पुढे नऊपर्यंत गेला. चर्चा मुख्यतः स्वयंचलित गिअरच्या बसचे पुरेसे प्रशिक्षण चालकाला होते का, यावर राहिली. मानसिक पात्रतेशी हे प्रकरण थेट जोडता येत नाही. कंत्राटी पद्धतीत चालकाच्या आरोग्याची नोंद बेस्टने ठेवायची की कंत्राटदाराने, हा प्रश्न मात्र त्यातून निघाला.

जागरण, थकवा आणि पवई : मुंबईच्या पवईतून जाणारा जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांना जोडतो. भिवंडी, ठाणे आणि न्हावाशेवा बंदराकडून सीप्झ–मरोळकडे येणारा माल, तसेच मेट्रो ६ च्या कामासाठीचे डंपर आणि सिमेंट मिक्सर याच रस्त्याने येत आले. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने ही वाहतूक रात्री वाढते, म्हणजे चालकाच्या शरीराला झोप हवी असते त्याच वेळी. याच रस्त्याला लागून असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई, स्थापना १९५८) स्थापत्य अभियांत्रिकी विभागात वाहनचालन-सदृशकावर मद्य, मोबाइल, वेळेची घाई आणि झोपेचा अभाव यांचा चालकावरील परिणाम अभ्यासला गेला. नागेंद्र वेलगा, कीर्ती महाजन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या निबंधाचा विषय लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांची गुंगी हा असून, कामाचे व विश्रांतीचे वेळापत्रक, जीवनशैली आणि मोबदल्यातील प्रलोभने यांच्याशी तिचा संबंध त्यात तपासला आहे. लवकर पोचल्यास जादा पैसे ही रीत वाहतूक धंद्यात जुनी आहे. चालकाच्या डोळ्यांवरची झापड आणि मालकाचा हिशेब यांचे नाते अभ्यासाचा विषय झाले ते अलीकडे.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतात कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. नाकाबंदीत नळी फुंकून मद्य सापडते, जागरण सापडत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत ट्रकचालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवतात आणि जवळजवळ निम्मे जण झोप येत असतानाही चालवत राहतात, असे आढळले. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांसाठी होता (पुढे तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन केला गेला). एक-दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले. थकव्याविरुद्ध सरकारने उचललेल्या मोजक्या ठोस पावलांपैकी हे एक.

समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष हरवण्याची ही अवस्था मनोविकारात मोडत नाही.

क्लीनर (‘किन्नर’) : अवजड वाहनाचा परवाना नसल्याने तपासणीही नाही. रात्री वस्ताद (मुख्य चालक) झोपला की स्टिअरिंग बरेचदा त्याच्याच हाती येते.

औषधे व व्यसने : चिंता आणि झोपेसाठीच्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या प्रतिक्रियेचा वेग कमी करतात. सर्दीच्या काही साध्या गोळ्याही गुंगी आणतात. लांब पल्ल्यावर जागे राहण्यासाठी तंबाखू, मावा, गुटखा आणि उत्तरेकडच्या मार्गांवर अफूच्या बोंडांचा चुरा (डोडा) वापरला जातो. मद्याखेरीज इतर पदार्थांची रस्त्यावरची तपासणी नाममात्र आहे.

परदेशांतील पद्धती : ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसचालकांचा वेगळा गट (गट २) असून तीव्र मनोविकाराच्या झटक्यानंतर साधारण १२ महिने स्थिर राहिल्याखेरीज परवाना परत मिळत नाही, खासगी गाडीसाठी ही मुदत तीन महिने आहे. अमेरिकेत आंतरराज्य ट्रकचालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिने चालते, नियमात मनोविकाराचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि २०१४ पासून नोंदणीकृत परीक्षकांकडूनच तपासून घ्यावे लागते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतावर आदळवून १५० जणांचा जीव घेतल्यावर विमान वाहतुकीत जी झाडाझडती झाली, तशी रस्ते वाहतुकीत झाली नाही.

गोपनीयता आणि नोकरी : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखतो, मात्र दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा कलम २३ मध्ये आहे. चालक-रुग्णाविषयी आरटीओला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक नाही. ते असावे की नसावे यावर मतभेद आहेत : सक्ती केल्यास चालक दवाखान्याची पायरीच चढणार नाहीत, ही मानसोपचारतज्ज्ञांची भीती निराधार म्हणता येत नाही. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० मुळे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच. खासगी ट्रकवरच्या चालकाने आजार सांगितला तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा चालक असतो.

आकडेवारी : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ जण मेले. नियमभंगानुसार दिलेल्या कारणांत अतिवेग, मद्यपान, उलट दिशा, सिग्नल तोडणे, मोबाइल आणि ‘इतर’ असे रकाने आहेत. चालकाची मनःस्थिती ‘इतर’ मध्ये जाते.

साहाय्य : केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मानसोपचार दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतून बोलता येते.