रोहतांग खिंड : दोन खोऱ्यांमधील वाट

हिमाचल प्रदेशातील कुलू आणि लाहौल या दोन खोऱ्यांना जोडणारी रोहतांग खिंड पीर पंजाल पर्वतरांगेत, ३,९७८ मीटर उंचीवर आहे. मनालीपासून ती रस्त्याने सुमारे ५१ किलोमीटर अंतरावर आहे.

खिंडीच्या दोन्ही बाजूंचे निसर्गरूप पूर्णतः भिन्न आहे. दक्षिणेकडील कुलूच्या खोऱ्यात पावसाळी वारे पोहोचतात. तेथे देवदारांची वने आणि सफरचंदांच्या बागा आहेत. बियास नदीचा उगमही खिंडीच्या परिसरातच होतो. उत्तरेकडील लाहौल मात्र पर्जन्यछायेत येते. चंद्रा नदीकाठच्या या रुक्ष प्रदेशात बर्फ वितळून मिळणाऱ्या पाण्यावर बटाटा आणि वाटाणा पिकतो.

मनालीहून निघालेला रस्ता कोठी, मढी या ठिकाणांवरून वळणे घेत खिंडीत चढतो आणि पलीकडे ग्राम्फूला उतरतो. तेथून एक फाटा कुंझुम खिंडीमार्गे स्पितीकडे, तर दुसरा कोकसर, केलाँगवरून लेहकडे जातो.

हिवाळ्यातील हिमवृष्टीमुळे हा रस्ता वर्षातील जवळजवळ सहा महिने बंद असे. त्या काळात लाहौलचा कुलूशी असलेला रस्त्याचा संपर्क तुटे. गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे आणि हवामान बिघडल्यास तोही मार्ग खुंटत असे. पायी खिंड ओलांडताना हिमवादळात अनेकांनी प्राण गमावले. ‘रोहतांग’ या नावाचा ‘प्रेतांचा ढीग’ असा अर्थ सांगितला जातो, तो याच अनुभवातून.

या अडचणीवर उपाय म्हणून सीमा रस्ते संघटनेने डोंगराखालून ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला. त्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले. सेरी नाल्याखालील ठिसूळ खडक आणि पाण्याची गळती यांमुळे ते लांबले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ‘अटल बोगदा’ वाहतुकीस खुला झाला. मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरने घटले आणि लाहौलवासीयांची हिवाळ्यातील कोंडी बव्हंशी फुटली. तथापि जोरदार हिमवृष्टीत बोगद्याकडील रस्ताही काही काळ बंद ठेवावा लागतो.

खिंडीचा जुना रस्ता आता मुख्यतः पर्यटकांचा झाला आहे. वाहनांच्या धुराने हिमाच्छादित परिसराची हानी होऊ लागल्याने राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पर्यटकांच्या वाहनांवर दैनंदिन मर्यादा घातली. माणसांना अडविणारी ही खिंड आता माणसांच्याच गर्दीपासून जपावी लागत आहे.